देवाने घेतलेली पावती
(हैदराबाद येथे राहणाऱ्या महाजन व कुळावी मंडळींच्या मेळाव्यात केलेले भाषण)



धर्म, संसार आणि नोकरी यांविषयी चार शब्द बोलावेत, अशी आपली आज्ञा झाली. मी शास्त्रीपंडित नव्हे. माझे आयुष्य कचेरीत जमाखर्च लिहिण्यात गेले. तेव्हा या विषयाकडे मी कारकुनाच्याच दृष्टीने पाहणार.

आपल्या संतपरंपरेत कारकुनालाही मानाचे स्थान आहे. संत एकनाथ देवगिरीस जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना हिशेबाचे काम पाहत. एका रात्री एका पैचा मेळ बसेना. पहाटे चूक सापडली, तेव्हा नाथांना आनंद आवरेना. हीच एकाग्रता ईश्वरचरणी लाव, असे स्वामींनी सांगितल्याची कथा प्रसिद्ध आहे. पै क्षुल्लक, असा तिचा अर्थ कित्येक जण करतात. मला तसे वाटत नाही. पैसाठी रात्र जागणाऱ्यालाच गुरूने अधिकारी मानले, हे विसरू नये. पुढे नाथांनी अर्जदस्त, ताकीदपत्र अशी कचेरीतील कागदांचीच नावे आपल्या भारुडांना दिली.

दुसरी कथा मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची. दुष्काळात एक ब्राह्मण त्यांच्याकडे जेवावयास बसला आणि घरची उपाशी मुले आठवून रडू लागला. पंतांनी बेदरच्या बादशहाची धान्याची कोठारे लोकांस खुली केली. तिसरी कथा आपल्या या तेलंगणाची. अबुल हसन कुतुबशहाचे तहसीलदार कंचर्ल गोपन्ना, म्हणजेच भद्राचलम रामदास, यांनी सरकारी वसुलातून श्रीरामाचे मंदिर बांधले आणि गोवळकोंड्याच्या तुरुंगात वर्षे काढली. ती कोठडी आजही किल्ल्यावर दाखवितात.

या दोन्ही कथांचा शेवट ध्यानात घ्यावा. देवाने बादशहावर शस्त्र उगारले नाही. विठ्ठल विठू महार होऊन बेदरला गेला. राम-लक्ष्मण तानाशहाच्या महालात आले. त्यांनी पैसे मोजून दिले आणि पावती घेतली. दामाजीपंतांना ती पोथीत मिळाली, रामदासांना उशाखाली. भक्ताचे संकट प्रभूने निवारले, पण हिशेब माफ करून घेतला नाही! आणि ते दोघेही भक्त खोटी वही लिहून सुटू पाहत नव्हते. कैदेस सामोरे गेले.

आज वर्तमानपत्र उघडावे तो सार्वजनिक पैशाच्या अपहाराची वार्ता दिसते. त्यातील कित्येक जण मोठे दानशूरही असतात. देवालयात संगमरवर बसविला म्हणजे पैशाचे मूळ शुद्ध होते, अशी समजूत बळावली आहे. अशांनी रामदासांचा दाखला देऊ नये. रामदासांनी घरासाठी काही ठेवले नाही, आणि शिक्षा स्वतः भोगली. उलट, नियमाच्या आड दडून भुकेल्याला परत पाठविणाऱ्यानेही दामाजीपंतांचे स्मरण करावे. दया करावी, परंतु ती वहीत उघड लिहावी, आणि तिची किंमत आपण सोसावी.

हा धर्म प्रथम घरात शिकविला जातो. वडिलांनी कचेरीतील कागद-पेन्सिल मुलाच्या दप्तरात घातली, की त्या मुलाला पुढे कोणत्याही प्रवचनाचा उपयोग होत नाही. पगाराहून अधिक पैसा घरात आला, तर तो कोठून आला, हे गृहिणीने विचारावे. तोही तिच्या कुलधर्माचाच भाग आहे.

शेवटी आपल्याविषयी. गोव्यातील देवस्थानांस 1933 ची महाजनी नियमावली लागू आहे. समितीत अध्यक्षाबरोबर खजिनदार, मुखत्यार आणि चिटणीस असतात. अंदाजपत्रक आणि हिशेब ठेवावा लागतो. कोणी याला सरकारी जाच म्हणतात. मी त्याला देवसेवा म्हणतो. आपण दूर हैदराबादेत राहून जत्रेला वर्गणी पाठवितो, आणि कर्तव्य संपले असे मानतो. सभेची सूचना आली की ती बाजूस ठेवतो. तसे न करता वार्षिक हिशेब मागवावा, वाचावा, शंका असेल तर नम्रपणे विचारावी. आणि ज्याला विचारले त्याने राग मानू नये. प्रत्यक्ष परमेश्वराने ज्या पावतीला कमीपणा मानला नाही, ती देण्यात खजिनदाराला संकोच कसला?

 श्रीकुलदेवता सर्वांचे कल्याण करो.