चिखल, सायकल आणि वाफसा



मी सॉफ्टवेअरबद्दल बोलले तर मागच्या रांगेतले पूर्वीसारखेच झोपतील. म्हणून आज चिखलाबद्दल बोलते.

काही वर्षांपासून मी माउंटन बाइक चालवते. पुण्यातले मित्र पावसाळ्यात मुद्दाम चिखलात सायकल घालतात, अंगावर उडवून घेतात, फोटो काढतात. मी म्हणते, जुलैत एकदा नांदेड-लातूरकडे या. आमचा चिखल उडत नाही, धरून ठेवतो!

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसाल्ट झिजून आपली काळी माती झाली. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याच्या पातळ थरांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते आणि चिकटते; उन्हाळ्यात आकसून भेगाळते. ही माती कापसासाठी जशी ओल धरते, तसंच चाकालाही धरते. टायरला माती, तिला काडीकचरा, त्यावर पुन्हा माती. शेवटी फोर्कमध्ये गोळा अडकतो आणि चाक फिरायचंच थांबतं.

उपाय आहेत. टायर फार रुंद नको, त्याच्या आणि फोर्कच्या मध्ये जागा हवी. मडगार्ड काढून ठेवायचं. ब्रेक डिस्कचा बरा. हलक्या गिअरवर, सीटवर बसूनच पेडल मारायचं. उठलं की मागचं चाक जागीच फिरतं. घरी आल्यावर बादलीच्या पाण्यानं धुवायची, कारण प्रेशरच्या फवाऱ्यानं बेअरिंगमधलं ग्रीस निघतं. मग चेन पुसून तेल.

पण सगळ्यात मोठा नियम शेतकऱ्यांनी आधीच सांगितलाय : वाफसा येऊ द्या. ओल्या पांदणीत चाक घातलं की चाकोरी पडते, ती वाळून दगडासारखी होते आणि पुढच्यांचे हाल करते. थांबता येत नसेल तर मुरमाचा रस्ता धरा.

मला थांबणं परवडतं, माझी रविवारची हौस आहे. पण आपल्या वर्गात खेड्यावरून येणाऱ्या मुली आठवतात? काडीनं मडगार्ड कोरत, शेवटी सायकल खांद्यावर घेऊन यायच्या. पावसाळ्यात त्यांची हजेरी गळायची. एक जण नववीच्या ऑगस्टनंतर आलीच नाही. गणितात ती माझ्या पुढे होती. ती हुशारीत कमी पडली नाही. ३ किलोमीटरची पांदण आडवी आली.

आता मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली मिळतात. शेत आणि पाणंद रस्त्यांसाठी २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आली. चांगलंच आहे. पण सायकल आली आणि पांदण तशीच राहिली, तर पावसाळाभर ती सायकल ओसरीवरच उभी राहणार. काळ्या मातीवर नुसता मुरूम टाकला तर माती तो गिळते. आधी दोन्ही बाजूंनी नाल्या काढून पाणी बाहेर घालवायचं, मग दगड, मग दाबलेला मुरूम. आपल्यातले सिव्हिलवाले हे माझ्यापेक्षा नीट सांगतील.

म्हणून एक सुचवते. सायकलने शाळेत येणाऱ्या मुलींना विचारू, पावसात कोणती वाट बंद पडते. त्यातली एकच निवडू. ग्रामपंचायतीकडे पाठपुरावा करू, कमी पडेल तिथे मेळाव्याची शिल्लक वर्गणी घालू. हिशेब मी ठेवते.

काम झालं की पुढच्या पावसाळ्यात ती वाट बघायला सायकलवरच येईन. तुम्हीही या.