अवदसा आठवली
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



दोन शब्द बोला, असा निरोप आला. मी एकाच शब्दाबद्दल बोलणार आहे. तो शब्द म्हणजे 'अवदसा'.

वर्तकनगरच्या म्हाडा वसाहतीत तो रोज कानावर पडायचा. "काय अवदसा आठवली आणि गॅसवर दूध ठेवून बाहेर गेले!" मूळ संस्कृत शब्द अवदशा. दशा म्हणजे स्थिती, अवदशा म्हणजे पडती स्थिती, वाईट दिवस. पण बोलता बोलता आपण त्या दिवसांची बाई केली. ती घरात शिरते, एखाद्याला आठवते.

तशीच अक्काबाई. पुराणांत लक्ष्मीची थोरली बहीण अलक्ष्मी, तिचंच नाव ज्येष्ठा. थोरलीला आपण अक्का म्हणतो, म्हणून 'अक्काबाईचा फेरा'. लक्ष्मीपूजनाच्या मध्यरात्री सूप वाजवत, केर काढत हिलाच घराबाहेर घालवायची रीत आहे. आणि सटवी? बाळाच्या कपाळी नशीब लिहिणारी सटवाई, म्हणजे षष्ठी देवी. जिची पूजा करायची, तिच्याच नावाची शिवी झाली. ग्रीक भाषेतही असंच घडलं. 'अनाथेमा' म्हणजे आधी देवाला वाहिलेली वस्तू. पुढे त्याचाच अर्थ शापित असा झाला.

हे सगळं मी फार उशिरा वाचलं. शब्द मात्र आठवीतच वापरून बसले होते.

आपल्या वर्गात एक मुलगी होती. वडिलांची नोकरी गेलेली, गणवेश विटलेला. चाचणीच्या दिवशी ती माझ्या शेजारी बसली आणि मला गणितात मार्क कमी पडले. मी भर वर्गात तिला 'अवदसा' म्हणाले. सगळे हसले. मग वर्षभर तेच तिचं नाव झालं. नववीत ती आली नाही.

अवदशा तिच्या घरावर आली होती. आधार द्यायचा सोडून मी त्या दशेचं नाव तिलाच चिकटवलं. दशा पालटते हो, चिकटवलेलं नाव लवकर निघत नाही.

या मेळाव्यासाठी सगळ्यांचे नंबर गोळा झाले, तिचा मिळाला नाही. कुणाकडे असेल तर मला जरूर द्या. एकदा तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारायची आहे.