घोणसीचे विष आणि सूज

घोणस चावली की घटकाभरात पाय सुजू लागतो. विषातील फॉस्फोलायपेज ए-२ हे विकर पेशींच्या आवरणातील स्निग्ध द्रव्ये तोडते. त्यातून सुटलेल्या ॲराकिडोनिक आम्लापासून आपल्याच पेशी प्रोस्टाग्लँडिने बनवितात. रक्तवाहिन्या पाझरतात, पांढऱ्या पेशी धावून येतात. आग परक्याची, पण सरपण घरचेच! १९४९ साली ब्राझीलमध्ये रोशा इ सिल्वा व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्याच्या रक्तद्रवात जराराका सर्पाचे विष मिसळले, तेव्हा रक्तद्रवातूनच ब्रॅडिकायनिन सुटलेले आढळले. तेही याच जातीचे.

प्रतिविष रक्तात फिरणारे विष निकामी करते. चढलेली सूज मात्र ते तत्काळ उतरवू शकत नाही. मांत्रिकाकडे गेलेला तास म्हणूनच महाग पडतो. दोरी आवळू नये, जखम चिरू नये. पाय न हलविता रुग्णास थेट रुग्णालयात न्यावे.