शब्दांवाचून बोलणारी गिटार

आज हप्ते आणि व्याज जरा बाजूला ठेवू. आज एका गिटारवादकाची गोष्ट सांगते. अमेरिकेतले लिंक रे.

१९२९ साली नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या डन गावी, गरीब घरात ते जन्मले. आपली आई शॉनी या आदिवासी जमातीची, असं ते सांगत. गोऱ्यांची 'क्लान' नावाची टोळी वस्तीवर यायची, तेव्हा घरच्यांना लपून बसावं लागायचं. आठव्या वर्षी हॅम्बोन नावाच्या एका कृष्णवर्णीय वादकानं त्यांना गिटारची गोडी लावली.

तरुणपणी ते सैन्यात गेले. पुढे क्षयानं गाठलं आणि एक फुप्फुस काढून टाकावं लागलं. डॉक्टर म्हणाले, आता गाणं विसरा. मग लिंक यांनी सगळा जीव बोटांत ओतला. (बायांनो, आज क्षयाची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर अंगावर काढू नका.)

एकदा नाचाच्या कार्यक्रमात त्यांनी एक नवीच धून वाजवली. संथ, जड, आभाळ गडगडावं तशी. लोकांनी तीच पुन्हा पुन्हा मागितली. पण रेकॉर्ड करताना आवाज फारच गुळगुळीत येऊ लागला. तेव्हा लिंक यांनी पेन्सिल घेतली आणि स्पीकरच्या कागदी पडद्याला भोकं पाडली! आवाज फाटका, खरखरीत झाला. त्यांना तोच हवा होता. १९५८ साली ही 'रंबल' बाजारात आली आणि गाजली. पुढे रॉक संगीतात गिटारचा जो खरखरीत आवाज रुळला, त्याची एक वाट इथूनच निघाली.

आता गंमत ऐका. या धूनमध्ये एकही शब्द नाही. तरी काही रेडिओ केंद्रांनी तिच्यावर बंदी घातली! 'रंबल' म्हणजे टोळ्यांची मारामारी. ही धून ऐकून पोरं बिघडतील, अशी भीती. म्हणजे तोंडानं काही न बोलताही माणूस किती बोलतो, ते बघा.

पुढे मेरीलँडमध्ये भावाच्या जागेतल्या कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यात या भावंडांनी स्टुडिओ थाटला. १९७१ सालचा अल्बम तिथेच तयार झाला. २००५ साली डेन्मार्कमध्ये लिंक वारले. अमेरिकेतल्या 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'नं त्यांचा मान केला तो २०२३ साली, अठरा वर्षांनी.

हे मी बचत गटाच्या कार्यक्रमात का सांगतेय? आपल्या बैठकीत चार जणी बोलतात, बाकीच्या मान खाली घालून बसतात. इतिवृत्तात बोलणाऱ्यांचंच म्हणणं उतरतं. पण कर्ज फेडायचं असतं सगळ्यांना. मान खाली घालणं म्हणजे होकार नव्हे. एखादी पदराचं टोक पिळत बसते, एखादी सही करताना थबकते, एखादी पुढच्या बैठकीला येतच नाही. हेसुद्धा बोलणंच आहे.

म्हणून पुढच्या बैठकीत ठराव लिहायच्या आधी एक करा. जी गप्प आहे तिच्या शेजारी जाऊन बसा आणि विचारा, "ताई, तुझ्या मनात काय आहे?" तिला बोलायला वेळ लागेल. लागू द्या. तोवर वही मिटून ठेवा.

बरंय तर, भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार!