ऑपरेशनच्या कागदावर अंगठा देण्याआधी

(जिल्हा मेळाव्यातील महिलांच्या सत्रात केलेले भाषण)



कापसाची वेचणी उरकली, ज्वारी खळ्यावर आली की गावात दोन गोष्टींची बोलणी सुरू होतात. एक लगीनसराईची आणि दुसरी ऑपरेशनची. सासू म्हणते, दोन झाली, आता उरकून घे. आशाताई दोन हेलपाटे घालून जातात. नवरा म्हणतो, तुमचं तुम्ही बघा. सगळे मिळून ठरवतात. जिच्या पोटाला टाका पडायचा, ती तेवढी आत चहा करत असते.

आम्ही ऑपरेशनच्या विरोधात बोलायला उभ्या नाही. ज्या बाईला खरेच आणखी मूल नको, तिची बाळंतपणाची धास्ती त्याने कायमची जाते. सरकारच्या 2019-21 च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या विवाहित बायकांपैकी जवळजवळ निम्म्यांचे हे ऑपरेशन झालेले होते. आमचे म्हणणे एवढेच की बियाण्याची पिशवी घेताना आपण चार दुकाने फिरतो, मग इथे एकही प्रश्न का विचारत नाही?

आधी ऑपरेशन म्हणजे काय ते. गर्भपिशवीच्या दोन्ही बाजूंना नळ्या असतात. त्या बांधून कापतात, किंवा दुर्बिणीच्या ऑपरेशनात त्यांवर रिंग बसवतात. बीज आणि पुरुषाचे वीर्य यांची गाठ पडत नाही, बस. पिशवी जागच्या जागी राहते. पाळी येत राहते. ताकद जात नाही, नवराबायकोच्या संबंधात उणे येत नाही. पिशवी काढणे हे वेगळे आणि मोठे ऑपरेशन आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणीच्या बायकांच्या पिशव्या किती सहज काढल्या गेल्या, ते 2019 मध्ये साऱ्या राज्यासमोर आले. तेव्हा डॉक्टर 'काढून टाकू' म्हणाले, तर काय काढणार आणि का, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता मुख्य गोष्ट. हे ऑपरेशन कायमचे आहे. नळ्या पुन्हा जोडता येतात असे कुणी सांगेल. पण ते मोठे ऑपरेशन, शहरातले, खर्चाचे, आणि एवढे करून दिवस जातीलच याची हमी नाही. अमेरिकेत हजारो बायकांची अनेक वर्षे पाहणी केली, तेव्हा तिशीच्या आत ऑपरेशन केलेल्या दर पाचांतल्या एकीला पुढे पस्तावा झाला. तिशीनंतर केलेल्यांत हे प्रमाण शंभरात सहा. आपल्याकडे तर पंचविशीच्या आसपासच उरकतात. कोरडवाहू मुलखात आयुष्याचा भरवसा किती, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. लेकरू विहिरीत पडते, साप चावतो. कर्जापायी नवरा औषध पितो, आणि चोवीस-पंचवीस वर्षांची पोर माहेरी येते. तिने पुन्हा घर मांडायचे म्हटले तर पहिला प्रश्न येतो, ऑपरेशन झालंय का? म्हणून धाकटे वर्षाचे होण्याआधी घाई नको. नियमालाही वयाची अट आहे. बाईचे वय किमान 22 आणि एक मूल वर्षाच्या वरचे हवे.

मन पक्के नसेल तर थांबण्याचे मार्ग आहेत. तांबी बसवली तर काही प्रकार दहा वर्षे चालतात, आणि वाटेल तेव्हा काढता येतात. भरवशाला ती ऑपरेशनपेक्षा फारशी कमी नाही. तीन महिन्यांनी घ्यायचे अंतरा इंजेक्शन आणि छाया गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.

आणि भावांनो, आता तुमचा नंबर. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी जागा बधिर करून थोड्या मिनिटांत होते. पोट उघडावे लागत नाही. धोका बाईच्या ऑपरेशनहून कमी. तरी महाराष्ट्रात शंभर जोडप्यांमागे एकही पुरुष पुरता भरत नाही. याचे एक कारण आणीबाणी. 1976-77 या एका वर्षात देशात 82 लाखांच्या वर नसबंद्या झाल्या, त्यांतले 62 लाख पुरुष होते, आणि कितीकांना धरून नेले होते. ती दहशत पुरुषांच्या मनात बसली आणि ओझे बाईच्या पोटावर आले. पण औत हाकायची ताकद जाते ही भीती खोटी आहे. तीन महिने निरोध वापरा, वीर्य तपासून घ्या, एवढेच पथ्य.

ज्या बाईने ठरवलेच आहे, तिने जागा पाहून जावे. 2014 च्या नोव्हेंबरात छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात एका डॉक्टरने काही तासांत 83 ऑपरेशने केली. त्या जिल्ह्यातल्या शिबिरांत मिळून किमान 13 बायका दगावल्या. एका चमूने दिवसाला 30 च्या वर करू नयेत, हा नियम तेव्हाही होता. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांत शिबिरे बंद करा असे बजावले. तेव्हा गर्दी दिसली, रक्त, लघवी, बीपी तपासले नाही, तर सरळ घरी या. कागद मराठीत वाचून दाखवायला लावा. नवऱ्याच्या सहीची गरज नाही, तुमची लागते. आणि टेबलावर चढल्यावरही नाही म्हणता येते. त्यापायी सरकारी दवाखान्यातला दुसरा कुठला इलाज तुम्हाला नाकारता येत नाही.

घरच्यांनी हेही ऐकावे. दोन दिवस पूर्ण आराम. पाण्याची घागर, गवताचा भारा निदान आठवडाभर नाही, टाक्याचे असेल तर आणखी सबुरीने. ताप, पू, पोटात वाढते दुखणे दिसले की त्याच दिवशी दवाखाना. आणि पाळी चुकली तर 'आपलं ऑपरेशन झालंय' म्हणून बसू नका. दहा वर्षांत हजारामागे अठरा-एकोणीस जणींना दिवस जातात, आणि गर्भ कधी नळीतच राहतो. तो फुटला तर जीव जातो. एका बाजूला ओटीपोट दुखून चक्कर आली तर रात्रही पाहू नका. ऑपरेशन फसले, गुंतागुंत झाली किंवा बाई दगावली तर सरकारी योजनेत भरपाई आहे, पण अर्ज 90 दिवसांत लागतो आणि दाखला लागतो. तो दाखला दवाखान्यातून मागूनच घ्या आणि सातबारा ठेवता त्याच पेटीत ठेवा.