सव्वा महिन्यातली बाळंतीण : स्वागताध्यक्षीय भाषण

वार पडली म्हणजे बाळंतपण संपले, असे होत नाही. गर्भाशय पूर्ववत व्हायला सुमारे सहा आठवडे लागतात. वैद्यकशास्त्रात हा सूतिकाकाळ, घरोघरी सव्वा महिना. या काळात सुरू होणारी स्त्रीची दुखणी आणि त्यांची जोखीम हा या परिषदेचा विषय आहे. त्यासाठी आलेल्या डॉक्टर, परिचारिका आणि आशा कार्यकर्त्यांचे स्वागत समितीच्या वतीने मनःपूर्वक स्वागत.

या दुखण्यांची मोजदाद महाराष्ट्रातच झाली आहे. गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी ७७२ स्त्रियांची घरोघर पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रसूतीच्या वेळी १७.७ टक्के स्त्रियांना त्रास झाला, त्यानंतरच्या दिवसांत ४२.९ टक्के स्त्रियांना. स्तनांच्या तक्रारी सर्वाधिक होत्या. त्याखालोखाल उशिराचा रक्तस्राव आणि जननमार्गाचा जंतुसंसर्ग.

प्रसूतीनंतर लगेच होणाऱ्या अतिरक्तस्रावाचे मुख्य कारण म्हणजे गर्भाशय नीट न आवळणे. जुळी, लांबलेल्या कळा, अडकलेली वार, आधीच्या खेपेचा रक्तस्राव यांमुळे धोका वाढतो. अंगात मुळातच रक्त कमी असेल, तर थोडे जाणेही सोसत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला.

सिझेरियन, पाणमोट फुटून गेलेला बराच वेळ आणि वारंवार आतून केलेली तपासणी यांमुळे जंतुसंसर्ग बळावतो. सिझेरियन, स्थूलपणा आणि पडून राहणे यांमुळे पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. गरोदरपणी ठीक असलेला रक्तदाबही नंतर वाढून झटके येऊ शकतात.

लघवी न धरणे, अंग बाहेर येणे ही दुखणी पुढे वर्षानुवर्षे लाजेपोटी लपवली जातात. लांबलेल्या कळा, चिमटा लावून झालेली प्रसूती, अनेक बाळंतपणे ही त्यांची कारणे.

पहिल्या दिवसांतले रडू सहसा दोन आठवड्यांत ओसरते; ते टिकले तर नैराश्याची शंका घ्यावी लागते. पूर्वीचे नैराश्य, घरातील मारहाण आणि आधाराचा अभाव ही त्यातली मोठी जोखीम.

दवाखान्यात प्रसूती झाल्यास आशा ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येते. या भेटी नवजात बाळाच्या नावाने ओळखल्या जातात. अंगावरून किती जाते, ताप आहे का, छाती दुखते का, झोप लागते का, हे आईलाही त्याच भेटीत विचारले, तर बहुतेक दुखणी वेळेत हाती लागतात.