पुरानंतरचा मोर्चा आणि पुरापूर्वीचा हप्ता



२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले आणि दुकानांतील माल चिखलात गेला. राज्य शासनाने दुकानदारास मदत जाहीर केली, ती जास्तीत जास्त ५० हजार रुपयांची. लाखोंचा माल गमावलेल्या माणसाला खरा आधार विम्याचाच होता. परंतु तो विमा त्या दिवशी चालू असेल तरच.

व्यापार मंदावला की छोटा व्यापारी प्रथम विम्याचा हप्ता थांबवतो. ‘दहा वर्षांत काही झाले नाही’ हे त्याचे समर्थन असते. त्यामागे दोन गैरसमज असतात. आयुर्विम्याचा हप्ता चुकला तर सवलतीचे दिवस मिळतात. तसेच येथेही मिळतील, हा पहिला. विमा कायद्याच्या ६४ व्हीबी कलमानुसार हप्ता आगाऊ जमा झाल्याखेरीज कंपनी जोखीम पत्करू शकत नाही. मुदत मध्यरात्री संपली आणि पहाटे दुकान जळाले, तर सकाळी भरलेला हप्ता व्यर्थ होय.

‘विम्याचे बँक पाहते’, हा दुसरा. बँक पाहते ती आपल्या कर्जापुरते. कर्ज फिटले की खात्यातून हप्ता कापला जाणे थांबते आणि दुकान उघडे पडल्याचे मालकाला कळतही नाही.

हा केवळ मालकाचा प्रश्न नाही. दुकान बुडाले की प्रथम नोकराची रोजी जाते. कामावर अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी कायद्याने १९२३ पासून मालकावर टाकली आहे; परंतु राज्य विमा योजना लागू नसेल आणि मालकाचा विमाही खंडित असेल, तर कफल्लक मालकाकडून विधवेला काय मिळणार?

चिपळूणच्या पुरापूर्वी चारच महिने, १ एप्रिल २०२१ पासून, ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही विमा योजना सुरू झाली होती. एका जागी ५ कोटींपर्यंतची मालमत्ता असणाऱ्या उद्योगांसाठी असलेल्या या योजनेत आगीबरोबर पूर, वादळ आणि भूकंप यांचाही समावेश आहे. ती टपरीपर्यंत कोणी पोचवायची?

पूर ओसरल्यावर भरपाईसाठी मोर्चा काढणे आपल्याला जमते. मोर्चा काढलाच पाहिजे. परंतु मे महिन्यात आपल्या पेठेतील दुकानदारांना विम्याचा कागद काढायला लावून त्यावरची मुदत, जागेचा पत्ता आणि रक्कम तपासणे, हेही कार्यकर्त्याचे काम आहे. यंदा मृगापूर्वी ते करावे, एवढीच विनंती.